केंटचं हेल्मेट

हेगे रिज, विस्कॉन्सिन
१४ एप्रिल १९९१

प्रभुकृपा.

चि. पामर यास आर्डिसताईचे अनेक आशीर्वाद.

पाकीट बघून तू बिचकशील. घरात फोन आल्यापासून मी तुला पत्र लिहिलं ते कुणी गेलं तरच. कुणी गेलेलं नाही. फोन स्वयंपाकघराच्या भिंतीला आहे आणि ऑर्लिन हल्ली दुपारभर त्याच खिडकीखाली असतो, म्हणून लिहायला बसले. शिवाय डुलूथपर्यंत फोनवर रडायचं म्हणजे मिनिटागणिक बिल.

खिडकीखाली तो काय करतो, तर लेकाची, केंटची मोटरसायकल पुसतो. बर्फ गेल्यागेल्या त्यानं तिच्यावरची ताडपत्री काढली. मला वाटलं, विकायची असेल, बरं झालं. एक दिवस बघते तर हा वर बसलेला, आणि गाडी गुरगुरत फाटकापर्यंत जाऊन बंद पडलेली. एकोणसाठाव्या वर्षी! ज्या माणसानं ट्रॅक्टर आणि जुना ट्रक सोडून काही चालवलं नाही, केंटच्या मागे एकदाही बसला नाही, तो आता पहाटेची पाळी करून चीजच्या कारखान्यातून येतो, कॉफी पितो आणि त्या गाडीशी झटतो.

जानेवारीत केंट गेल्यापासून घरात बोलणं असं नाहीच. मीठ दे, दिवा घालव, एवढंच. मीही बोलायला जात नाही. त्याच्या आजारपणात आम्ही दोघं इतकं कुजबुजलो की आता मोठ्यानं बोलायचं म्हटलं तर आवाज फुटत नाही.

पामर, मला गाडीची भीती नाही रे. मला ऑर्लिनची भीती वाटते. परवा मी म्हटलं, अरे, पडशील. तर म्हणाला, मग? नुसतं मग. चिडून नाही, हसून नाही. दुधाची बाटली दारात ठेवून जावं तसा तो शब्द ठेवला आणि गेला.

डोक्यावर केंटचंच निळं हेल्मेट घालतो. केंटचं डोकं आपल्या वडलांवर गेलेलं, भोपळ्यासारखं. ऑर्लिनचं लहान. मान हलवली की ते हेल्मेट पातेल्यावरच्या झाकणासारखं गोल फिरतं. तरी दुसरं नको म्हणतो.

पाद्रीबाबांना सांगितलं. ते म्हणाले, दुःखाला बाहेर पडायला वाट लागते. वाट लागते हे मलाही कळतं, पण ती काउंटीच्या रस्त्यावरून ताशी पन्नास मैलांनी जाणारीच हवी का, हे त्यांना विचारायचं राहिलं.

तू तीस वर्षं चालवतोस आणि अजून दोन पायांवर उभा आहेस. एक तर त्याला हे सोडायला सांग. ऐकणार नाही, ते मला माहीत आहे. तर मग नवशिक्यानं काय काय सांभाळायचं असतं ते मला लिही. मी हायस्कूलपुरती शिकलेली, पण पाठांतर चांगलं आहे. रोज जेवताना बटाट्याबरोबर एकेक वाढीन.

रोडीला आणि मुलींना गोड सांग. उत्तर पत्रानंच दे. माझे आशीर्वाद तुला पोचतातच. तुझ्या दोन प्रार्थना इकडे पाठव म्हणजे बरोबरी होईल.

तुझी,
आर्डिसताई


डुलूथ
२० एप्रिल

ती. ताईस पामरचा सा. न. वि. वि.

बिचकलो खरा. पण विजेच्या बिलाचं पाकीट उलटून चिकटवलेलं पाहिलं आणि कळलं की आमच्या ताईचं आहे, आणि काही झालेलं असलं तरी काटकसर जिवंत आहे. रोडी म्हणते, ताईंना पाकिटांचा पुडका भेट देऊ. मी म्हटलं, त्या तो नाताळपर्यंत जपून ठेवतील आणि तुलाच परत देतील.

दाजींचं ते ‘मग’ वाचून दोनदा पत्र खाली ठेवलं. पण गाडी सोडा असं मी त्यांना सांगणार नाही. पाण्यात उतरलेल्या माणसाला काठावरून पोहू नको म्हणून ओरडायचं नसतं, हात कसे मारायचे ते ओरडायचं असतं. तर ऐक, आणि वाढ बटाट्याबरोबर.

इतक्यात रस्ता नको. तुमच्या चर्चमागे एवढं मोठं पार्किंग रविवार सोडून ओस पडलेलं असतं. तिथं महिनाभर गोगलगायीसारखं चालवायचं. जोरात कुणीही चालवतो. हळू चालवायलाच शिकावं लागतं. सगळं कसब नजरेचं आहे, हे रोज सांग. मोटरसायकल हातानं वळत नाही, नजरेनं वळते. खड्ड्याकडे बघत बसलं की खड्ड्यातच जाते. वळणावर चाकापुढे बघायचं नाही. मान वळवून, जिथून बाहेर पडायचं तिकडे बघायचं.

पुढचा ब्रेक मुठीनं आवळला की माणूस गाडीवरून उडून पुढे. गाईचं आचळ धरावं तसा तो हळूहळू दाबायचा. दाजी धारा काढत वाढले, त्यांना दुसऱ्यांदा सांगावं लागणार नाही. तुमच्याकडे शेताशेतांच्या फाट्यावर खडी वाहून आलेली असते, तिच्यावर ना ब्रेक मारायचा ना वळायचं. मे लागला की लोक अंगणातलं गवत कापून रस्त्यावर उडवतात. ओलं गवत म्हणजे लोणी.

समोरून आपल्या आडवं, डावीकडे वळायला थांबलेली मोटार दिसली की चालकाच्या तोंडाकडे बघायचं नाही. तो आपल्याकडे बघत असतो आणि आपण त्याला दिसत नसतो. त्याच्या पुढच्या चाकाकडे बघायचं. माणूस फसवतो, चाक फसवत नाही.

आणखी एक गंमत. समोरून येणारा प्रत्येक मोटरसायकलवाला डावा हात खाली सोडून त्यांना दोन बोटं दाखवील. आमच्यात तो रामराम. दाजी सभ्य माणूस, चर्चच्या दारात सगळ्यांशी हात मिळवल्याशिवाय घरी न जाणारे. ते वळणावरसुद्धा हात सोडतील. तेवढं करू देऊ नकोस. वळणावर रामराम नाही घेतला तर कुणी रागावत नाही. हात सोडला तर वळण रागावतं.

आता हेल्मेट. बाकी सगळं विसरलीस तरी हे विसरू नकोस. दुसऱ्याचं हेल्मेट घालायचं नसतं, ताई. आतला फोम ज्याच्या त्याच्या डोक्यावर बसतो, बुटासारखा. सैल हेल्मेट आपटायच्या आधीच डोक्यावरून निघून जातं. आणि केंटचं तर दोनदा गॅरेजच्या फरशीवर पडलेलं आहे, मला त्यानंच सांगितलं होतं. फोम एकदा दबला की बाहेरून रंग कितीही चकचकीत असो, आत काही उरलेलं नसतं. भुवयांच्या वर फीत धरून माप घे आणि नवं आण. गाल खारीसारखे फुगले पाहिजेत इतकं घट्ट.

केंटचं नाव लिहिलं आणि पेन थांबलं, म्हणून इथंच पुरं करतो. जीव आहे तो आमच्याकडेही थोडा असू दे, सगळा गॅरेजकडे लावून बसू नकोस.

तुझा,
पामर


हेगे रिज
१९ मे

प्रभुकृपा.

चि. पामर यास अनेक आशीर्वाद.

आचळाचं वाढलं त्या दिवशी ऑर्लिन जानेवारीनंतर पहिल्यांदा हसला. हसला म्हणजे नाकातून वारा सोडला, पण मी तो हसण्यातच धरला.

तुझं सगळं तो ऐकून घेतो. चर्चमागे तास तास फिरतो. महिला मंडळाच्या बायका तळघराच्या खिडकीतून बघतात. इर्मा म्हणाली, आर्डिस, तुझा नवरा पार्किंगला नांगरतोय का गं? तांत्रिक शाळेत तीन शनिवारांचा वर्ग असतो, तिथंही नाव घातलं. सगळी विशीतली पोरं आणि हा. शिकवायला एक बाई आहे, केंटच्या वयाची, हातावर गोंदलेली. ती म्हणाली म्हणे, ऑर्लिन, हनुवटी वर, जमिनीवर काही सांडलंय का तुमचं? हे त्यानं मला घरी येऊन सांगितलं, आख्खं वाक्य. मी पाईचं ताट हातात घेऊन तशीच उभी राहिले, न जाणो आणखी बोलेल.

ला क्रॉसला जाऊन हेल्मेट आणलं. पांढरं, घट्ट, तू म्हणालास तसं. एवढा खर्च मी माझ्या डोक्यावर जन्मात केला नाही. हिशेबाच्या वहीत कपड्यांत लिहावं की औषधांत, कळेना. औषधांत लिहिलं. ऑर्लिननं एकदा घालून बघितलं, चांगलं आहे म्हणाला, आणि पेटीत घालून फळीवर ठेवून दिलं. दुसऱ्या दिवशी परत निळं.

गुरुवारी कॉफीला हाक मारायला गॅरेजमध्ये गेले. तो बंद गाडीवर बसला होता, हेल्मेट डोक्यावर, पुढची काच खाली ओढलेली. मला वाटलं रडतोय. रडत नव्हता. श्वास घेत होता, लांब लांब, दम्याच्या माणसासारखा. मला बघून त्यानं हेल्मेट काढलं आणि माझ्यापुढे धरलं. मी आत तोंड घातलं.

पामर, आत केंट होता. आजारपणातला नाही, तो औषधांचा कडवट वास नाही, त्याच्या आधीचा. केसांचा, घामाचा, त्या पेपरमिंटच्या गोळ्यांचा. मी पटकन हेल्मेट परत दिलं. जास्त घेतला तर संपेल असं वाटलं.

आता तूच सांग, हे घालू नकोस असं त्या माणसाला मी कोणत्या तोंडानं सांगू? आणि नाही सांगितलं तर तू लिहिलंस ते खरं होणार. दोन्हीकडून माझंच जाणार.

तुमच्या लेकी परीक्षांतून सुटल्या असतील. त्यांना माझ्या वाटणीचं एकेक आइस्क्रीम दे. इथलं मी वाचवते.

तुझी,
आर्डिसताई


डुलूथ
२६ मे

ती. ताईस सा. न. वि. वि.

तुझं पत्र रोडीला वाचून दाखवायला घेतलं आणि मधेच तिच्या हातात दिलं.

तरीही कठोर होऊन लिहितो. वास डोकं वाचवत नाही. मागच्या सप्टेंबरात आमच्या गोदीवरचा एक जण, चांगला हुशार माणूस, मेव्हण्याचं हेल्मेट घालून पेट्रोल भरायला निघाला. पंपाशीच घसरला, चालण्याच्या वेगात. हेल्मेट एकीकडे गडगडत गेलं, तो दुसरीकडे. आता बायको समोर आली की गोड हसतो आणि तिचं नाव विचारतो.

दाजींना ते हेल्मेट उशाशी ठेवू दे, मांडीवर घेऊन बसू दे, फक्त डोक्यावर नको. वास असाही टिकत नाही गं. उन्हाळा आला, आता त्यात त्यांचा घाम जाणार. माझं तर हंगाम संपेपर्यंत मेलेल्या उंदरासारखं घाणतं. मी ते टबात बुडवून लहान मुलांच्या शाम्पूनं धुतो, दुसऱ्या दिवशी ते कुणाचंच नसतं.

पक्का परवाना होईपर्यंत कायद्यानं हेल्मेट सक्तीचं आहे, एवढी एक गोष्ट आपल्या बाजूला आहे. तेवढ्यात नव्याची सवय लाव. चिंता कर, पण पुरवून पुरवून कर. उन्हाळा मोठा आहे.

तुझा,
पामर


हेगे रिज
१६ जून

चि. पामर यास आशीर्वाद.

आज वडिलांचा दिवस. चर्चमध्ये पाद्रीबाबांनी सगळ्या वडिलांना उभं राहायला सांगितलं, मुलं त्यांना एकेक फूल देणार होती. ऑर्लिन धड उभा राहिला नाही, धड बसला नाही. बाकाला धरून अर्धवट वाकून राहिला. फूल घेऊन आलेली मुलगी त्याच्यापुढे थांबली, तिला कळेना. मी तिला पुढे जा म्हणून खूण केली.

जे झालं ते लिहिते. मंगळवारी तो कामावर गेल्यावर मी केंटचं हेल्मेट धुतलं.

तुझ्या त्या गोदीवरच्या माणसाचं वाचल्यापासून मला चैन नव्हतं. मनाशी म्हटलं, वास गेला की ते नुसतं एक सैल हेल्मेट उरेल आणि हा नवं घालील. मला ते मोठं शहाणपण वाटलं. पाण्यात घालायच्या आधी मी माझा वाटा घेतला. पोटभर घेतला, या वेळी हात आखडला नाही. मग बुडवलं. पाणी करडं झालं. एक केस वर आला, आणि मी धरीधरीपर्यंत मोरीतून गेला. तीनदा पाणी बदललं. मला अर्धवट धुता येत नाही, तुला माहीत आहे. मग टॉवेलांच्या शेजारी दोरीवर टांगलं.

ऑर्लिन आला तो ट्रकमधून उतरतानाच त्याला दिसलं. त्यानं ते दोरीवरून काढलं, आत नाक घातलं आणि तसाच अंगणात उभा राहिला. मी स्वयंपाकघरात वाट बघत होते. शिव्या दिल्या असत्या तर झेलल्या असत्या. भांडी फोडली असती तर गोळा केली असती. तो आत आला, हात धुतले, जेवला, जेवण चांगलं झालं म्हणाला. रोज म्हणतो तसं. हेल्मेट गॅरेजमध्ये खिळ्याला लावून ठेवलं.

शुक्रवारी परवान्याची परीक्षा झाली, पास झाला. गोंदलेल्या बाईनं पाठ थोपटली, म्हणाली, माझ्या पोरांत तुमच्याइतकं जपून कुणी चालवत नाही. घरी येऊन त्यानं नवा परवाना टेबलावर ठेवला. मी पाईचा मोठा तुकडा कापला. मला वाटलं, देवानं ऐकलं.

काल दुपारी गाडीचा आवाज ऐकून बाहेर आले तर तो फाटकाशी, बोडका. उरलेले पांढरे केस वाऱ्यावर उडताहेत. निळं खिळ्याला, पांढरं फळीवर. मी मागे धावले. ऑर्लिन, डोक्यावर काही घाल! तो म्हणाला, कायदा नाही आता. आणि गेला. जेवणाच्या वेळेला परत आला, कपाळाला माशा चिकटलेल्या. मी ओल्या फडक्यानं पुसल्या. त्यानं पुसू दिल्या.

सैल का होईना, डोक्यावर काहीतरी होतं. तेही मी माझ्या हातानं काढलं.

एकच विचारते. मी त्याच्या मागे बसू का? मी मागे असले तर तो माझ्यासाठी तरी जपेल. लवकर लिही. बाकी काही लिहिलं नाहीस तरी चालेल.

आर्डिसताई


डुलूथ
२० जून

ताई, नमस्कार.

तुझं पत्र आज दुपारी मिळालं, आजच लिहून पेटीत टाकायला जातो आहे. शाम्पूचं मी बोलण्याच्या ओघात लिहिलं होतं. माझ्या ओघाला आग लागो.

तू मागे बसायचं नाही. अजिबात नाही. पहिलं वर्ष मागे कुणालाही घ्यायचं नसतं. दुसऱ्या माणसाच्या वजनानं ब्रेक लांबतो, वळण बदलतं, मागचा माणूस घाबरून उलटा कलला की पुढचा काही करू शकत नाही. दोन माणसं सांभाळायला दाजींचा हात अजून कच्चा आहे. आणि तू म्हणतेस ते जपणार म्हणून. ताई, ते चालवताना जपतातच, त्या बाईनंच सांगितलं ना? अडचण ती नाही.

ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात रजा मिळाली आहे. येतो. तोवर खालचं दाजींना वाचून दाखव.

दाजी, मी तुम्हाला शिकवणारा कोण, पण रस्त्यावर तुमच्याहून जुना आहे. आजवर तीन दोस्तांच्या शवपेटीला खांदा दिला. तिघंही माझ्यापेक्षा चांगले चालवणारे. तिघांचीही चूक नव्हती. एकाला हरीण आडवं आलं, एकाला मोटार, एकाला पावसात निसरडी झालेली डांबराची पट्टी. म्हणूनच सांगतो, हेल्मेट आपल्या चुकीसाठी नसतं. तुम्हाला माझी शपथ घालत नाही. ताई त्या खिडकीत उभी असते, तेवढं लक्षात असू द्या.

वाचून दाखवलंस की कळव. माया पातळ होऊ देऊ नकोस, माझ्यावर रागाव हवं तर.

पामर


हेगे रिज
२१ जुलै

प्रभुकृपा.

चि. पामर यास आर्डिसताईचे आशीर्वाद.

उत्तराला महिना लावला. तुझी दोन पत्रं मधे येऊन पडली, रागावू नकोस.

तुझी चिठ्ठी मी त्याच दिवशी वाचून दाखवली. ऑर्लिननं काटा खाली ठेवून सगळी ऐकली. म्हणाला, पामर चांगला माणूस आहे. काटा उचलला.

मग मी तुझं ऐकलं नाही. माझा डाव साधा होता. पांढरं हेल्मेट त्यानं माझ्याच डोक्यावर घालू नये म्हणून पेटीसकट माळ्यावर लपवलं, केसांना रुमाल बांधला, बागेतली जाड पँट घातली आणि तो निघाला तशी गाडीमागे जाऊन उभी राहिले. म्हटलं, मी पण येते. मला वाटलं, तो म्हणेल, वेडी आहेस का, डोक्यावर काही घाल आधी. मग मी म्हणणार, तू घाल, मग मी घालते. इतकंच. महिनाभर प्रार्थना करून मला एवढंच सुचलं होतं.

त्यानं माझ्याकडे बघितलं. डोक्याकडे पण बघितलं. आणि पामर, तो सीटवर जरा पुढे सरकला. मला जागा झाली.

बसले. काय करणार?

पहिल्या वळणाला मी उलटी कलले, गाडी झिंगल्यासारखी झाली. तो मागे न बघता म्हणाला, आर्डिस, पेंडीच्या पोत्यासारखी बस. पोत्यासारखी बसले. पुढे नीट गेली. चालवतो चांगला रे. फाट्यावरची खडी आली की आधीच हळू होतो. ओल्सनच्या कुंपणाशी गवत पडलं होतं, ते टाळून गेला. मोटार दिसली की तिच्या चाकाकडे बघतो, मला मागून त्याची मान कळते. दोघं-तिघं समोरून आले, त्यांना सरळ रस्त्यावर बोटं दाखवली, वळणावर नाही दाखवली. तुझं सगळं ऐकतो तो. एक सोडून. मरायला निघालेला माणूस असा चालवत नाही, हे मला त्या दिवशी कळलं. ते कळून बरं वाटायला हवं होतं.

नदीच्या वरच्या अंगाला जिथं गाड्या थांबायला जागा आहे, तिथं त्यानं गाडी बंद केली. आम्ही कठड्यावर बसलो. मग तो बोलायला लागला. हळू, कुजबुजतच.

म्हणाला, केंटला जंतू लागू नयेत म्हणून हात धुतले होते ना आपण? मी म्हटलं, धुतले, कातडी निघेपर्यंत. म्हणाला, तोंडाला फडकं बांधत होतो ना? म्हटलं, झोपतानासुद्धा. फळ कच्चं दिलं नाही? नाही, सगळं उकळून दिलं. फुलं घरात येऊ दिली? एकही नाही, पायरीवरच ठेवून घेतली. दाराच्या मुठी? मी म्हटलं, स्पिरिटनं, सकाळ-संध्याकाळ. मग म्हणाला, थँक्सगिव्हिंगच्या सणाला पामर डुलूथहून एवढी गाडी मारत आला आणि दारात त्याला शिंक आली, तर तू त्याला व्हरांड्यातूनच परत पाठवलंस. मामा बाहेर, भाचा आत, काचेला हात लावून उभे होते. तेही केलं ना आपण? मी म्हटलं, केलं. मीच केलं.

त्यानं नदीकडे तोंड केलं. मग म्हणाला, आर्डिस, आपण काय विसरलो ते एक सांग. एकच सांग. मी घरी गेल्यागेल्या हेल्मेट घालतो.

पामर, तुला माहीत आहे, वहीत तफावत आली की सापडेपर्यंत मी जागची उठत नाही. तशी बसले. पहिल्या तापापासून एकेक दिवस आठवत गेले. डॉक्टरांनी सांगितलेलं, नर्सनी सांगितलेलं, पाद्रीबाबांनी सांगितलेलं. ऊन उतरलं. कुठं तफावतच नाही रे. सगळं बरोबर आहे आणि पोरगा नाही.

शेवटी मी उठले. तो म्हणाला, चल. मी मागे बसले. येताना माझा रुमाल सुटून उडाला, तो गाडी थांबवू का म्हणाला, मी म्हटलं, राहू दे. लिहायला लाज वाटते, पण मला भीती वाटली नाही. येताना नाही, त्यानंतर एकदाही नाही. एप्रिलपासूनची ती भीती शोधून बघते तर जागेवर नाही. तू मला पूर्वीपासून ओळखतोस. भीती नसलेली मी तुला ओळखू येईन का, कोण जाणे.

प्रार्थना चुकवलेली नाही. फक्त ‘सांभाळ’ हा शब्द आला की तेवढा गाळते. खोटं बोलल्यासारखं वाटतं.

आता तुला विचारते. तू त्या दिवशी काचेच्या बाहेर होतास. बाहेरच्याला दिसतं कधी कधी. आमच्या हातून काही राहिलं होतं का? काही उलटं झालं होतं का? माझं चुकलेलं असेल तर ते अगदी स्पष्ट लिही, माझ्या मनाचा विचार करू नकोस. माझी चूक निघाली तर ऑर्लिन हेल्मेट घालील, शब्दाचा पक्का आहे तो. आणि मलाही बरं वाटेल. चूक होती म्हणजे काहीतरी करण्यासारखं होतं. नसेल दिसलं काही, तर मुलींची खुशाली लिही. नियम आता पाठवू नकोस. आम्हाला सगळे येतात.

ऑगस्टमध्ये येतोस तर ये. शिंकत आलास तरी आत ये. चारच्या आत आलास तर भेटू. चारनंतर आम्ही घरी नसतो, दोघंही गाडीवर. दाराला कुलूप नाही; कॉफी तुझी तू करून घे आणि बस.

आशीर्वाद आहेत. त्यांनी काय होतं ते मला आता सांगता येत नाही, पण आहेत ते सगळे तुझेच.

तुझी,
आर्डिसताई